हुबेहूब

१

पाच वाजता मला जाग येते. गजर लावावा लागत नाही, एकोणीस वर्षांत शरीराला ते कळून चुकलंय. तोंड धुऊन पुढच्या खोलीत येतो, पत्र्याची घडीची खुर्ची उघडतो आणि टेबलाशी बसतो. टेबल कॉलेजच्या भंगारातून घेतलेलं. त्याचा मागचा उजवा पाय अर्धा इंच तोकडा, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. डाव्या हाताला दोनशे पानी वही, उजव्या हाताला निळ्या शाईचं पेन, समोर भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. पेनाचं टोपण मागे खोचायचं नाही, त्याने हाताला वजन वेगळं लागतं. ते टेबलावर उभं करायचं. मग पहिली ओळ येईपर्यंत जागचं हलायचं नाही. लघवीलासुद्धा नाही.

सात वाजेपर्यंत दोन पानं. त्यानंतर हजेरी वही. मी संगमनेरच्या एका कॉलेजात हेडक्लार्क आहे, दुसऱ्यांच्या हजऱ्या तपासण्यात निम्मा जन्म गेला, मग स्वतःची का सोडा? तारीख, बसल्याची वेळ, उठल्याची वेळ, पानं, विषय. असे पाच रकाने. गैरहजेरी लाल शाईने. लग्नाच्या दिवशीची आहे, वडील वारले तेव्हाच्या पाच दिवसांची आहे, आणि करोनात ऑक्सिजनवर होतो तेव्हाची आहे. बाकी लाल शाई फारशी लागली नाही.

माझं नाव चेतन रंभाजी पगारे. वडील रेल्वेत गँगमन होते, पुणतांब्याला. रोज नेमून दिलेला रूळ चालत तपासायचा, बिघाड असो वा नसो. थंडीतापात जायचे. एकदा मी विचारलं होतं, रोज काय सापडतं? म्हणाले, "काय सापडत न्हाई. म्हनून तर जायाचं." लिहिण्याची शिस्त मी त्यांच्याकडूनच घेतली, त्यांना ते माहीत नव्हतं.

या शिस्तीतून आजवर दोन कथासंग्रह निघाले. दोन्हींच्या उरलेल्या प्रती दिवाणाखाली आहेत. माझी बायको शुभांगी, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, ती दर मे महिन्यात पापडांबरोबर त्यांनाही ऊन दाखवते.

हे सगळं मी इतक्या तपशिलाने का सांगतोय ते पुढे कळेल. आज रविवार. हे लिखाण तीन सकाळींत संपवायचं ठरवलंय. ते संपेल तेव्हा माझं लिहिणंही कायमचं संपावं, एवढीच इच्छा आहे.

२

माझा पहिला नियम असा: माणूस जे बोलला ते जसंच्या तसं लिहायचं. शुद्ध करायचं नाही, आवरायचं नाही, कान उघडे ठेवून हाताला सोडून द्यायचं. आत्ताच आई दारातून डोकावून गेली. "दगडू, आरं डोळं फुटत्याल ना. बत्ती तरी लाव," म्हणाली. बत्ती लावली. खरंच बरं दिसतंय आता.

दुसरा नियम: एक गोष्ट धरायची आणि ती हुबेहूब उतरेपर्यंत सोडायची नाही. हे मात्र एकोणीस वर्षांत मला एकदाही जमलं नव्हतं. जवळपास जायचो. चिंचेची आंबट चव लिहायला जायचो आणि कागदावर 'आंबट' हा शब्द तेवढा उरायचा. ते जमलं यंदाच्या होळीनंतर, एका मंगळवारी.

आम्ही राहतो त्याच्या खाली पीरमहंमदभाईंचं वेल्डिंगचं दुकान आहे. गेट, ग्रील, ट्रॉलीचे सांगाडे असली कामं. रोज पावणेसातला ते दुकान उघडायचे. आधी कुलूप. मग शटर गुडघ्याएवढं वर यायचं आणि अडायचं. पीरमहंमदभाई "या अल्ला" म्हणून त्याला लाथ घालायचे. मग ते एका दमात वर जायचं, आणि अगदी शेवटी, गुंडाळी बसता बसता, त्यातून एक बारीक रड निघायची. आमच्या गल्लीतली निम्मी माणसं त्या आवाजावर उठायची. शुभांगी रोज एकदा त्यांना तेल घालायला सांगायची.

त्या मंगळवारी मी ते शटर लिहिलं. दोन पानं, नुसतं शटर. शेवटची ओळ लिहून परत वाचली आणि मला रडू आलं. खोटं कशाला सांगू? सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, शटरसाठी रडलो. पहिल्यांदाच कागदातून आवाज आला होता.

बुधवारी साडेसातला मान वर केली तर खाली वेल्डिंगच्या ठिणग्या उडत होत्या. दुकान उघडलेलं होतं. मला वाटलं, लिहिण्यात इतका बुडालो की ऐकूच आलं नाही. गुरुवारी मात्र मुद्दाम कान देऊन बसलो. पावणेसातला खिडकीतून वाकून पाहिलं तर पीरमहंमदभाई शटर वर करत होते. शटर सरसर वर चाललं होतं, आवाज नव्हता.

खाली जाऊन म्हटलं, "भाई, तेल घातलंत वाटतं शेवटी."

"कशाला?"

"शटरला. केवढा आवाज करायचं."

"न्हाई ओ साहेब," ते हसले. "याला कवाच आवाज न्हवता. लई गुनी शटर हाय. ह्ये बघा."

त्यांनी ते खाली ओढून दाखवलं. आता, तेल घातलेल्या शटरलाही थोडा आवाज असतोच. शेवटी लोखंड आहे, जमिनीला टेकताना तरी काही होईल. काही झालं नाही. समोरून दूध संघाचा टँकर गेला तो ऐकू आला, पोरांचा गलका ऐकू आला, आणि मधोमध ते शटर खाली येऊन टेकलं. पीरमहंमदभाई कौतुकाने बघत होते.

वर येऊन शुभांगीला विचारलं. ती डबा भरत होती. "मी कधी म्हटलं तेल घाला? तुमच्या गोष्टीतल्या बायकोने म्हटलं असेल," ती म्हणाली.

३

आज सोमवार. काल इथवर झालं.

आई पंच्याहत्तरीची आहे, नाव गीताबाई. वडील गेल्यावर पुणतांब्याहून आमच्याकडे आली. अक्षरओळख नाही, पण ओव्या शेकडो यायच्या. जातं गेलं तरी डाळ निवडताना, गोधडी शिवताना गुणगुणायची. त्यात बाबासाहेब यायचे, रमाई यायची, रेल्वे यायची, आणि गोदावरी तर सारखीच यायची. त्यातली एक तिची लाडकी होती. ती ओवी आता गेलीच आहे, तेव्हा इथे लिहायला हरकत नाही.

गोदावरीच्या घाटाला, धुते बाई मी गोधडी,
भीमरायाच्या लेकराला, लागू दे अक्षराची गोडी.

एप्रिलमध्ये एका सकाळी मी ती उतरवून घेतली. नुसते शब्द नाही. ती 'गोधडी'वर कसा दम घ्यायची, 'अक्षराची' म्हणताना तिचा हात ताटातल्या डाळीवर कसा थांबायचा, ते सगळं. आणि पुन्हा तसंच झालं, कागद गाऊ लागला. त्या दिवशी मी ऑफिसात सगळ्यांना चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी आई डाळ निवडत होती, गप्प. मी म्हटलं, "ती गोधडीची म्हण ना."

"कोंची?"

मी म्हणून दाखवली. तिने नीट ऐकली, मान हलवली. "चांगली हाय. कोनाची रं?"

डॉक्टर म्हणाले, वयोमान. बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या दिल्या. मी सुटकेचा श्वास टाकला, हे कबूल करायला हवं. म्हातारं माणूस विसरतं, त्यात काय विशेष? शटराचं मी मनाच्या एका कोपऱ्यात सारून ठेवलं होतं. मी क्लार्क माणूस आहे, दोन कागदांचा मेळ बसला नाही की तिसरा कागद येईपर्यंत फाईल बाजूला ठेवतो.

शिवाय तेव्हा मी हवेत होतो. पुण्याचा एक प्रकाशक आहे, त्याच्याकडचा संपादक हर्षल. बारा वर्षं तो माझं लिखाण नम्रपणे परत करत आला होता. शटराची आणि ओवीची पानं पाठवल्यावर त्याचा स्वतःहून फोन आला. "पगारे सर, हे काय केलंत तुम्ही? दिवाळीआधी अख्खी कादंबरी द्या. थांबू नका आता."

मीही थांबलो नाही. मे महिनाभर लिहीत होतो. आईच्या अंगाचा चुलीच्या धुराचा वास लिहिला. शुभांगी रागावली की वर्गात बोलते तशी तोडून तोडून बोलायची, ते लिहिलं. मेअखेर आमचं घर फार शांत झालं होतं. शुभांगी रागवेनाशी झाली होती. मला वाटलं, नवऱ्याचं कौतुक होतंय म्हणून सुखात आहे.

४

इथून पुढचं मला हजेरी वहीवरून सांगावं लागतंय.

जून ३ ते जून १४. रोज दोन पानं, एकूण चोवीस. विषयाच्या रकान्यात बाराही दिवस एकच शब्द: सम्राट.

जून १५. अक्षर माझंच, पण घाईतलं. "आईने फोटोकडे बघून विचारलं, ह्यो कोनाचा पोरगा. शुभांगीलाही माहीत नाही. पुणतांब्याला मामांना फोन केला. त्यांनाही नाही."

जून १६. "मला एकट्यालाच आठवतोय. आई हसत होती आज. चाळीस वर्षांत अशी हसली नव्हती. हे मी केलं."

जून १७. "चोवीसही पानं फाडून गच्चीवर जाळली. कागदात गेलंय, कागद गेला की परत येईल."

जून १८. बसलो ५.१०, उठलो ७.००. दोन पानं. विषय: पाऊस.

जून १८ नंतर सगळं नेहमीसारखं आहे. लाल शाई नाही, घाई नाही. महिनाअखेर बेरीज करायला मागची पानं चाळली, तेव्हा हे वाचलं. सम्राट कोण?

मी खूप आठवून पाहिलं. काहीच सापडत नाही. अर्धवट काही नाही, धूसर नाही, जिभेवर आल्यासारखं नाही. वहीत लिहिलेली माझी घाबरगुंडी मी परक्या माणसाची चिठ्ठी वाचावी तशी वाचली.

फोटो मात्र भिंतीवर आहे. आतल्या खोलीत, वडिलांच्या फोटोशेजारी. आठ-नऊ वर्षांचा मुलगा, शाळेच्या फोटोवरून मोठा केलेला. केस चापून बसवलेले, सदऱ्याचं वरचं बटण लावलेलं. फोटोला चंदनाचा हार आहे, म्हणजे मुलगा गेलेला आहे. शुभांगी दर रविवारी त्यावरची धूळ पुसते.

मी तिला विचारलं, "हा कोण गं?"

"आईंच्या माहेरचा कुणीतरी असेल ना."

आईला विचारलं. "तुमच्यातलंच कोनीतरी आसंल बाबा. सुनंच्या माहेरचं."

दोघी एकाच खोलीत होत्या, एकमेकींचं ऐकत होत्या. दोघींनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मी स्टुलावर चढून फोटो खाली घेतला. मागे खडूच्या पुडीएवढा कागद चिकटवलेला होता, त्यावर वडिलांच्या अक्षरात एक तारीख आणि 'गोदावरी'. आणखी काही नाही. मी फोटो परत टांगला. त्या मुलाचे कान माझ्यासारखे आहेत. ते मला हात लावण्याआधीच दिसलं होतं, पण मी ते मनाशी उच्चारत नव्हतो.

५

मग मी ताळा घेतला. हजेरी वहीतला विषय एका बाजूला, घरातून गेलेली गोष्ट दुसऱ्या बाजूला. शटर, ओवी, धुराचा वास, शुभांगीचा राग. एकूण अकरा नोंदी जुळल्या.

ताळ्यातून निघालं ते असं. हुबेहूब उतरलं की जातं, जगातून आणि सगळ्यांच्या मनातून. आठवण राहते फक्त लिहिणाऱ्याला, तीही कागद आहे तोवर. कागद गेला की तीही गेली. कच्चं लिहिलेलं काही नेत नाही. एकोणीस वर्षं आमच्या घरातलं काही गेलं नाही, कारण एकोणीस वर्षं मी वाईट लिहीत होतो.

हे वाचून कुणी हसेल. मीही हसलो असतो. आईचं वय झालं, शुभांगी समजूतदार झाली, पीरमहंमदभाईंना ऐकू कमी येतं, आणि मला मानसोपचाराची गरज आहे, असं प्रत्येक नोंदीपुढे लिहिता येतं. मी लिहूनही पाहिलं. पण जून १५ पुढे काही लिहिता येईना. ती भीती माझीच होती आणि मला ती आठवत नव्हती.

उपाय सोपा होता, लिहिणं बंद करायचं. वही ट्रंकेत टाकली, किल्ली शुभांगीकडे दिली. पाच वाजता जाग यायचीच. हात नुसता टेबलावर पडलेला असायचा. चौथ्या दिवशी लाईट बिलामागे चार ओळी सापडल्या, माझ्या अक्षरात. सहाव्या दिवशी ऑफिसच्या आवक-जावक रजिस्टरच्या समासात. नवव्या दिवशी प्राचार्यांनी बोलावून विचारलं, "पगारे, हे नोटशीटवर काय आहे?" नोटशीटवर शुभांगी होती. खिडकीशी उभी राहून वेणी घालत होती, तीनच ओळींत, पण उतरायला लागली होती. मी तो कागद हातातून ओढून घेतला आणि 'हुबेहूब' होण्याआधीच त्यात भलतेसलते शब्द घुसडले. दुसऱ्या दिवशी तिची वेणी जागेवर होती. मी मोरीत जाऊन रडलो.

एकोणीस वर्षं हाताला लावलेलं वळण हाताला कळतं, मनाई कळत नाही. वडील निवृत्त झाल्यावरही रोज रुळावर जाऊन यायचे. आईने चप्पल लपवली तर अनवाणी जायचे.

६

जुलैत वही ट्रंकेतून परत काढली आणि एक गोष्ट करून पाहिली. मला तंबाखूची सवय होती, पंचवीस वर्षांची. ती मी लिहिली. चुना किती, अंगठा किती वेळ फिरवायचा, पहिली किक कुठे लागते, सगळं. छान उतरली. दुसऱ्या दिवसापासून हात खिशाकडे गेलाच नाही. तंबाखू खायचो हे आठवतं, पण खावीशी वाटत नाही. शुभांगीला वाटतं मी कधी शिवलोच नव्हतो.

म्हणजे स्वतःचंही जातं.

त्यावरून हे सुचलं. सवयच लिहायची. पाच वाजता उठणारा, टोपण उभं करणारा, हजेरी भरणारा हा जो माणूस आहे, तोच हुबेहूब उतरवायचा. तुम्ही वाचताय ते तेच आहे. म्हणून टेबलाचा पाय आणि पुठ्ठ्याची घडी. म्हणून वडिलांचा रूळ. मी उतरलो की माझं लिहिणं जाईल आणि घरात जे उरलंय ते राहील. हर्षलचे फोन येतात, मी उचलत नाही. वाईट वाटतं का? फार वाटतं. एकोणीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते हाताशी आलं आणि त्याच हाताने गळा धरतोय.

लिहिताना एकच पथ्य ठेवलंय. जे आधीच गेलंय तेवढंच नीट लिहायचं. बाकी सगळं ओबडधोबड. शुभांगी कशी दिसते ते तुम्हाला कळणार नाही. आईचा चेहरा कळणार नाही. आणि एक गोष्ट तर मी उभ्या आयुष्यात कागदावर येऊ दिली नाही: आई मला घरात ज्या नावाने हाक मारते ते. शाळेच्या दाखल्यावर चेतन आहे, बाहेर सगळे चेतनच म्हणतात. ते दुसरं नाव तिने मी सहा वर्षांचा असताना ठेवलं. घरातलं एखादं पोर गेलं की उरलेल्याला मुद्दाम ओबडसं नाव ठेवायची रीत होती, कुणाची नजर पडू नये म्हणून. आमच्या घरातलं कोण गेलं होतं ते मला माहीत नाही. आता फोटोवरून अंदाज येतो. पण त्या नावाने ती हाक मारते तोवर मी तिचा आहे, एवढं मला कळतं. तिच्याकडचं बाकी सगळं मी नेलं. तेवढं तिच्याकडे राहू दे.

एक अपवाद मात्र आज जाणूनबुजून करतोय. आई जेवायला बसली की आधी चतकोर भाकरी एका लहान ताटलीत काढते. ताटली जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, एका बाजूने काठ चेपलेला. भाकरीवर चिमूटभर मीठ, कांद्याची एक फोड. ताटली खिडकीत ठेवते आणि मग आपण जेवते. कावळ्यासाठी नाही, कावळा आला तर हाकलते. परवा मी विचारलं, "ही कुणाची गं?"

आईने ताटलीकडे पाहिलं. "काय की. हात ठिवतो."

कुणासाठी ते माहीत नसताना रोज वाट बघायची, यापेक्षा न बघितलेलं बरं. म्हणून हे नीट लिहिलं. मला यातून क्षमा मिळेल असं वाटत नाही.

७

मंगळवार.

काल सकाळी लिहिलं ते खरं झालं. रात्रीच्या जेवणाला ताटली निघाली नाही. ती फडताळात पालथी आहे. आई पोटभर जेवली.

आज जाग आली तेव्हा साडेसहा वाजले होते. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच. खुर्ची उघडताना क्षणभर कळेना, आधी कुठली बाजू ओढायची. पेनाचं टोपण मी मागे खोचलंय, काही वेगळं लागत नाही. शब्द जड चाललेत. म्हणजे जातंय. हजेरी वहीत आजची वेळ टाकायची इच्छा झाली नाही. मला खूप हलकं वाटत होतं.

कुठलाही कागद ऑफिसातून बाहेर जाण्याआधी मी एकदा पहिल्यापासून वाचतो. तसं हे वाचायला घेतलं. पहिलं प्रकरण ठीक. दुसरं. पहिला नियम.

तिथे थांबलो.

रविवारी पहाटे आई दारातून डोकावली होती. मी हात सोडून दिलेला होता. ती जे बोलली ते जसंच्या तसं उतरलं, पहिल्या शब्दापासून, हाकेसकट. ओळीत तिचा आवाज आहे. आत्ता वाचतानाही आला.

रविवारी दुपारी ती मला जेवायला बोलवायला आली होती का? आठवून पाहिलं. शुभांगी आली होती. काल ऑफिसला निघताना आई ओट्यावर होती, माझ्याकडे पाहून जरा पदर सावरला. बाहेरचा पुरुष आला की बायका सावरतात तसा. मला वाटलं, वारा आहे.

हे पान फाडलं तर ते नाव मलाही आठवणार नाही. मग जगात ते कुणालाच ठाऊक नसेल. ठेवलं तर मला एकट्याला ठाऊक राहील, आणि त्या नावाने मला हाक मारणारं कुणी नाही. कागद दोन्ही हातांत धरून बसलो होतो. पुढे लिहून काही उपाय निघेल म्हणून पेन घेतलं, पण ओळी सुचत नाहीत. जे ऐकू येतंय तेवढंच लिहितो.

आत भांडी वाजताहेत. कुकर. आई शुभांगीला हळू आवाजात काहीतरी विचारतेय. दार अर्धं उघडं आहे आणि फटीतून ती मला दिसतेय. तिने डोक्यावर पदर घेतलाय. माझ्याकडे बघून ती ओळखीपाळखीशिवाय, पण मायेने हसली.

"शुभांगे," ती म्हणाली, "त्या पाव्हन्याला च्या दे गं. सकाळधरनं लिव्हत बसलाय बिचारा. कोनाचा हाय, इचार तरी."